लांबभाला आणि कोयता : फ्लॉडनच्या उतारासाठी केलेल्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

आजपासून काम सुरू. मध्येच भरकटायला नको म्हणून प्रश्न आधी लिहून ठेवते.

६ जून १५१३ रोजी इटलीत नोव्हाराजवळ स्विस पायदळानं लांब भाल्यांच्या जोरावर फ्रेंच सैन्य उधळून लावलं. त्यानंतर तीन महिन्यांनी, ९ सप्टेंबर १५१३ रोजी, इंग्लंडच्या उत्तर टोकाला फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स तसेच भाले घेऊन, तशीच रचना करून टेकडीवरून उतरला. संध्याकाळ संपेपर्यंत तो स्वतः मारला गेला आणि त्याचं सैन्यही संपलं. वर्ष तेच, हत्यार तेच. समोरच्या इंग्रजांच्या हातात होता काठीला बसवलेला कोयता. मग असं का झालं?

पुस्तकांत याचं उत्तर एका ओळीत उरकलेलं असतं: उतार चिखलाचा होता, भाले निकामी झाले. एवढ्यानं माझं समाधान होत नाही. निकामी म्हणजे नेमकं काय झालं? हातात धरलेल्या माणसाला काय जाणवलं असेल? न्यूकॅसलहून ती रणभूमी साधारण शंभर किलोमीटरवर आहे. दोन्ही हत्यारं खऱ्या मापात बनवायची, माणसं जमवून चालवून बघायची आणि मग ती जागा पायाखाली घालायची, असं ठरवलं आहे.

नावांचं आत्ताच पक्कं करते. इंग्रजीत या भाल्याला पाइक म्हणतात. आपल्याकडे पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, तुकोबांच्या पाइकीच्या अभंगांतला. दोन शब्दांची व्युत्पत्ती वेगळी, उच्चार तेवढा जुळलेला. वाचताना घोटाळा होईल. जर्मन भाषेत याच भाल्याला ‘लांगश्पीस’ म्हणजे सरळ ‘लांब भाला’ म्हणत, म्हणून मी ‘लांबभाला’च लिहिणार. इंग्रजांचं ‘बिल’ हे कुंपणाची झुडपं तोडायच्या शेतकी कोयत्यापासून आलेलं हत्यार. त्याला मी कोयता म्हणेन. हॅलबर्डला मात्र हॅलबर्डच. त्याच्या मूळ जर्मन नावात दांडा आणि कुऱ्हाड असे दोन शब्द जोडलेले आहेत, आणि वस्तूही तशीच आहे: पुढे कुऱ्हाडीचं पातं, वर खिळ्यासारखं टोक, मागे आकडा.

१९ जानेवारी

लाकूड आणलं. लांबभाल्याला ॲशचं लाकूड लागतं. सरळ वाढणारं, चिवट, आणि धक्का बसला तर वाकून परत येणारं. हे झाड आपल्या पारिजातकाच्या आणि मोगऱ्याच्या कुळातलं आहे, हे मला या कामातच कळलं. ब्रिटनमध्ये २०१२ पासून ॲशवर बुरशीचा रोग पसरला आहे आणि ठिकठिकाणी झाडं तोडावी लागत आहेत. लाकूडवाल्याच्या आवारात त्याचे ढीग लागलेले होते. स्वस्त मिळालं, पण बरं वाटलं नाही.

अडचण लांबीची. मला ५.४ मीटर हवेत आणि फळ्या मिळतात ३ मीटरच्या. तेव्हाचे कारागीर उभ्या वाढलेल्या खोडाची लांब चीर काढून त्यातून दांडा घडवत. मला दोन तुकडे तिरके तासून जोडावे लागणार. जाडीच्या बारा पट लांबीचा तिरका सांधा धरला तर ३५ मिलिमीटरला ४२ सेंटिमीटर जातात आणि ५.५८ मीटर हाती उरतात. नेमकं पुरतं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. पाटण तालुक्यात त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केलं. कुऱ्हाडी-कुदळीचे दांडे तर हजारोंनी घातले असतील.

“बाबा, तुम्ही दांड्याला धामणच का घ्यायचात?”

“अगं, धामण वाकते पण तुटत नाही. पण झाड कुठलं त्याच्यापेक्षा तंतू कसा चाललाय ते बघ. तंतू कडेनं बाहेर पळाला की दांडा तिथंच जाणार. करवतीनं कापलेलं घेतलंस का फाडलेलं?”

“कापलेलंच मिळतं इथं.”

“मग दहा फळ्या उलट्यापालट्या करून त्यातल्या दोन घ्यायच्या होत्यास.”

उद्या परत जाऊन दोन फळ्या बदलून आणायच्या आहेत.

२ फेब्रुवारी

सांधा सुटला.

चौकोनी दांडा आठ पैलूंचा करून झाला होता. दोन टोकं दोन खुर्च्यांवर टेकवून मधे हातानं दाबलं, तर सांधा कोरड्या आवाजानं उकलला. आत सरस पांढरा, खडूसारखा पडलेला. मागच्या आठवडाभर शेडमध्ये तीन-चार अंशांवर थंडी होती आणि हा सरस इतक्या थंडीत धरतच नाही. डब्यावर तसं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. दोन आठवड्यांचं काम गेलं. सांध्याची तोंडं पुन्हा रंधून घ्यायची, यावेळी इपॉक्सी वापरायचं आणि दांडा घरात, स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत आडवा ठेवून वाळवायचा.

२२ फेब्रुवारी

पहिला लांबभाला तयार. लांबी ५.४ मीटर, मधे ३५ मिलिमीटर जाड, दोन्ही टोकांकडे निमुळता. पोलादी टोक छोटंसं, पानासारखं. त्याच्या खाली दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या दांड्यावर ठोकल्या आहेत. सगळं मिळून वजन ३.२ किलो. सरावासाठी टोकावर रबरी टोपण.

एवढंच वजन? उचलून बघेपर्यंत मलाही तसंच वाटलं होतं. तोल मागच्या टोकापासून अडीच मीटरवर येतो. मागचं टोक एका हातात आणि दुसरा हात त्याच्या ९० सेंटिमीटर पुढे, असा धरला तर मागच्या हाताला साडेपाच किलोच्या आसपास खाली दाबावं लागतं आणि पुढच्या हातावर पावणेनऊ किलो येतात. शिवाय दांडा आपल्याच भारानं वाकतो. टोक जवळजवळ अर्धा मीटर खाली झुकतं आणि पाऊल टाकलं की मासळी लागलेल्या गळासारखं हलतं. एका मिनिटात माझा पुढचा खांदा भरून आला.

मग दोन्ही हात सव्वा मीटर पुढे सरकवले, म्हणजे जवळजवळ मध्यावर धरला. पुढच्या हातावर फक्त सव्वाचार किलो, मागच्यावर किलोभर. टोक स्थिर. किंमत एवढीच की समोरची पोच सव्वा मीटरनं घटली आणि तेवढाच दांडा पाठीमागे बाहेर आला.

इथं मला मोंलुक आठवला. १५४४ च्या चेरेझोलेच्या लढाईत फ्रेंच सैन्यातला हा गॅस्कन कप्तान आपल्या शिपायांना सांगत होता की भाला मागच्या टोकाला धरू नका, ते कसब जर्मनांचं. तुम्ही स्विसांसारखा मध्यावर धरा आणि आत घुसा. वाचताना हे मला नुसतं धीराचं भाषण वाटलं होतं. आता खांदा दुखतो आहे तेव्हा कळतं की तो नवख्या माणसांना झेपेल अशी पकड सांगत होता. मागे धरून लांबून भोसकणं हे वर्षानुवर्षं सराव केलेल्या हातांचं काम.

१ मार्च

कोयत्याचं पातं आलं. या कामासाठी जमवलेल्या आमच्या गटात लोहारकाम करणाऱ्या मित्रानं घडवून दिलं. धार नाही.

२३ मार्च

कोयत्याला दांडा घातला. लांबी २.४ मीटर, वजन २.३ किलो. दांडा गोल न करता आठ पैलूंचाच ठेवला. अंधारात धरला तरी पात्याचं तोंड कुठं आहे ते तळव्याला समजतं. गोल दांड्यावर पातं फिरतं आणि घाव आडवा पडतो. बाबांनी कुऱ्हाडीचा दांडा कधी पुरता गोल केला नाही, त्याचं कारण आज लक्षात आलं.

पात्याचं वर्णन करते, कारण या हत्याराचं मर्म त्यातच आहे. पुढे वाकडी धार, वर भोसकायला सरळ सुळा, पाठीवर छोटा काटा. तीन कामं एकाच लोखंडात. त्या काळातली बहुतेक दांड्याची हत्यारं याच तीन कामांचं वेगवेगळं वाटप करतात. हॅलबर्डनं तोडण्याला जास्त दिलं. पार्टिझान भोसकायचं, रुंद पानाचं, बुडाशी दोन छोटे पंख असलेलं. ग्लेव्ह म्हणजे काठीवरचा एकधारी सुराच. लुसर्नच्या नावानं ओळखला जाणारा हातोडा चिलखत चेपण्यासाठी. इटालियन रोंकोने आमच्या कोयत्याचा सख्खा भाऊ, अधिक नाजूक घडणीचा. संग्रहालयात ही सगळी ओळीनं टांगलेली बघताना नावं पाठ करण्यात वेळ जातो. त्यापेक्षा प्रत्येकाला ‘तोडतोस किती, भोसकतोस किती, ओढतोस किती’ हे विचारावं.

ओढणं सर्वांत कमी लेखलं जातं असं मला वाटतं. आज मित्रानं लांबभाला धरला आणि मी कोयत्याचा काटा त्याच्या दांड्यावर अडकवून बाजूला दाबला. ५.४ मीटर लांब हत्याराचं टोक हलवायला मला मनगटाएवढंच बळ लागलं. त्याला ते परत आणायला अख्खं अंग लावावं लागलं. तरफेचा साधा हिशोब आहे, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर तो बघणं वेगळं.

मग तोडून पाहिलं. इंग्रजांनी कोयत्यांनी भाल्यांची डोकी छाटली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. बागेतला धारदार कोयता घेतला आणि टाकाऊ ॲशच्या दांड्यावर घाव घातले. दांड्याचं टोक मोकळं असलं तर घाव बसताच तो बाजूला उडतो, नुसती खूण उमटते. टोक जमिनीत रुतवून ठेवलं तर तिसऱ्या-चौथ्या घावाला तुटतो. म्हणजे भाला हवेत असताना छाटणं अवघड, अडकला की सोपं. ‘अडकला की’ हे शब्द अधोरेखित करून ठेवते.

१२ एप्रिल

आठवडाभर स्विसांवर वाचत आहे. आजची नोंद लांबणार.

स्विस लोक सुरुवातीला लांबभाल्याचे नव्हतेच, हॅलबर्डचे होते. १३१५ साली मोरगार्टनच्या खिंडीत डोंगरउतारावरून ऑस्ट्रियाच्या सरदारांच्या घोडदळावर ते तुटून पडले तेव्हा त्यांच्या हातात हॅलबर्ड होती, आणि विंटरथूरच्या योहान नावाच्या मठवासीयानं तिचा दरारा लिहून ठेवला आहे. चिंचोळ्या वाटेवर, थांबलेल्या घोड्यासमोर, हे हत्यार भयंकर. पण उघड्या मैदानात? १४२२ साली आर्बेदोला मिलानचा सेनापती कार्मान्योला यानं आपले चिलखती स्वार घोड्यावरून उतरवले आणि लांब भाले पुढे करून पायी चालवले. हॅलबर्ड पुरेना. त्यानंतर स्विसांच्या तुकड्यांत लांबभाले वाढत गेले. १४७६ साली ग्रांसों आणि मूर्तेनला, आणि ५ जानेवारी १४७७ रोजी नान्सीला त्यांनी बर्गंडीच्या चार्ल्सची ताकद संपवली, तोवर युरोपातला प्रत्येक राजा त्यांना भाड्यानं घ्यायला तयार होता. ऑस्ट्रियाच्या माक्सिमिलियननं त्यांचंच बघून लांत्सक्नेख्त, म्हणजे जर्मन भाडोत्री पायदळ, उभं केलं.

मला महत्त्वाचं वाटतं ते रचनेचं पोट. चौकोनाच्या बाहेरच्या अंगाला लांबभाले, पण आत, निशाणांच्या भोवती, हॅलबर्डवाले. लांबभाल्यांनी समोरच्याला रोखायचं, ढकलायचं. रेटारेटी अडली, भाले एकमेकांत गुंतले, की आतून हॅलबर्डवाले बाहेर पडायचे आणि जवळून तोडायला लागायचे. चित्रकार होल्बाइननं काढलेल्या झुंजीच्या रेखाचित्रात हे दिसतं: आडवेतिडवे गुंतलेले, मोडलेले दांडे आणि त्यांच्या खाली गळ्याला गळा भिडवून लढणारी माणसं. स्विसांनी लांब हत्यार कधी एकटं पाठवलं नाही. त्याच्या पोटात आखूड हत्यार ठेवलं.

दुसरं, ही माणसं एकमेकांना ओळखत. एका कँटनची (स्विस प्रांताची), एका खोऱ्याची, भाऊबंद, शेजारी. शेजारच्याचं पाऊल कधी पडणार हे त्यांना लहानपणापासून माहीत.

नोव्हाराला त्यांनी काय केलं ते पाहा. रात्री चाल केली आणि पहाटे, फ्रेंच छावणी नीट सावरण्याआधी, हल्ला चढवला. फ्रेंच तोफांनी त्यांच्या रांगा उभ्या चिरल्या, शेकडो पडले, तरी चौकोन थांबला नाही. जमीन पाटांनी आणि ओढ्यांनी तुटलेली होती, फ्रेंचांच्या चिलखती घोडदळाला धावायला जागाच मिळाली नाही. तोफा हाती पडल्यावर त्या फ्रेंचांवरच फिरवल्या. तुटलेली जमीन तिथेही होती, पण ती शत्रूला नडली.

आणि जेम्सकडे? फ्रान्सच्या बाराव्या लुईनं लांबभाले पाठवले, सोबत शिकवायला कप्तान पाठवले. स्कॉटिश सैन्यानं २२ ऑगस्टला ट्वीड नदी ओलांडली. शिकायला मिळाले आठवडे. स्कॉटलंडमध्ये भाल्यांची परंपरा जुनी होती, पण हा भाला आणि ही चाल नवी.

१७ मे

आज बारा जण जमले. चार-चारच्या तीन रांगा. खरा लांबभाला एकच, बाकी अकरा म्हणजे पाइनच्या पाच मीटरच्या पट्ट्या, टोकाला टेनिसचे चेंडू. सपाट मैदान, कोरडं गवत.

पहिला तास गोंधळात गेला. मध्यावर धरलेल्या दांड्याचा मागचा भाग मागच्या रांगेतल्या माणसाच्या तोंडाशी येतो. दोघांना नाकावर लागलं. मग सगळ्यांनी खांद्याच्या उंचीला, टोक किंचित खाली, असं स्विस पद्धतीनं धरलं तेव्हा मागची टोकं डोक्यावरून जायला लागली. ही पद्धत दिसायला अवघड, पण गर्दीत तीच चालते.

वळणं हे वेगळंच प्रकरण. आडवे भाले धरून तुकडी बाजूला वळूच शकत नाही. आधी सगळे उभे करायचे, मग वळायचं, मग पुन्हा खाली आणायचे. चित्रकार याकोब द गेननं डच सैन्यासाठी काढलेली कवायतीची चित्रं १६०७ साली छापली गेली, त्यांत लांबभाल्याच्या एकट्याच्याच ३२ आकृत्या आहेत. एवढ्या कशाला, असं मला वाटायचं. आज वाऱ्यात बारा भाले उभे केले आणि दोन एकमेकांवर पडले, तेव्हा ३२ आकृत्या कमीच वाटल्या.

तिसऱ्या तासाला मात्र जमलं. एकानं रिकाम्या डब्यावर ठेका धरला, सगळ्यांची डावी पावलं एका वेळी पडायला लागली आणि अचानक हातातलं ओझं हलकं झालं. खरोखरच झालं. टोकांचं हलणं एका लयीत आलं की दांडा भांडत नाही. समोर मी कोयता घेऊन उभी राहिले. पहिल्या रांगेची टोकं तीन मीटरवरून अंगावर येत होती. एक बाजूला सारलं तर त्याच्या मागून ९० सेंटिमीटरवर दुसरं, त्याच्या मागे तिसरं. कोयत्याला अडकवायला वेळच मिळेना. मी मागे हटत गेले. दोन कोयतेवाले लावले, तरी तेच. सहा वेळा केलं, सहाही वेळा भाल्यांची तुकडी चालत आली आणि आम्ही मागे.

सपाट जमिनीवर, पावलं जुळलेली असताना, या हत्याराला उत्तर नाही. हे हातानं अनुभवलं म्हणून ठामपणे लिहिते.

७ जून

एका शेतकऱ्यानं त्याचं उताराचं कुरण वापरायला दिलं. शंभर मीटरला साधारण अकरा मीटर उतार, तळाशी ओली घळ, पलीकडे पुन्हा थोडा चढ. रात्रभर पाऊस पडला होता. तीच बारा माणसं, तेच दांडे.

उतरताना पहिल्याच वीस पावलांत रांगा फाटल्या. पुढचे ओझ्यानं पुढे ओढले जातात, मागचे घसरायला नको म्हणून जपून पाय टाकतात. ९० सेंटिमीटरचं अंतर कुठं दोन मीटर, कुठं शून्य. ठेका देणाऱ्याचा डबा ऐकू येत होता, पण पाय ठेक्याचं ऐकत नव्हते, घसरणीचं ऐकत होते. फ्लॉडनला स्कॉटिश शिपायांनी जोडे काढून टाकले होते असं नोंदलेलं आहे. आमच्यातल्या तिघांनी काढून पाहिले. पकड खरंच बरी मिळते.

पण खरी गोष्ट तळाशी कळली, आणि ती मी कुठं वाचलेली नव्हती. घळीत पाय टाकला की जमीन पुढे वर चढायला लागते. भाल्याचं टोक माणसाच्या तीन मीटर पुढे असतं. माणूस अजून उतरतोय आणि टोक समोरच्या चढात जाऊन रुतलंय! चार जणांची टोकं एकदम मातीत गेली. दांडा अडकला, माणूस आपल्याच दांड्याच्या मागच्या टोकावर आदळला. ते टाळायचं तर टोकं वर उचलावी लागतात, आणि टोकं वर गेली की खालून मोकळी जागा.

मार्चमध्ये अधोरेखित केलेलं ‘अडकला की’ ते हेच.

चढावर दोन कोयतेवाले उभे होते, पात्यांऐवजी फोमची डोकी लावून. वर गेलेल्या टोकांखालून ते दोन पावलांत आत आले. एकदा टोकाच्या आत शिरल्यावर ५.४ मीटरच्या दांड्याचा धरणाऱ्याला काहीही उपयोग नाही. मागे ओढायला मागे माणसं आहेत. टाकून तलवार काढायची, तर समोर अडीच मीटरची काठी फिरतेय. सहापैकी एकदाही भाल्यांची रांग टिकली नाही.

घरी येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

२१ जून

ब्रँक्स्टन. गावात जुन्या लाल टेलिफोन बूथमध्ये रणभूमीची माहिती लावून ठेवली आहे. तिथून थोड्या अंतरावर पायपर्स हिलवर १९१० साली उभारलेला ग्रॅनाइटचा क्रूस, ‘दोन्ही राष्ट्रांच्या शूरांना’ असा लेख असलेला. त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की समोर दक्षिणेला ब्रँक्स्टन हिलचा लांबलचक उतार. जेम्स तिथं वर, इंग्रजांचा सेनापती सरे इथं खाली, जिथं मी उभी होते.

जेम्सची मूळ जागा ही नव्हतीच. त्यानं फ्लॉडन हिलवर तोफा रोवून भक्कम ठाणं केलं होतं. सत्तरीचा सरे त्याला वळसा घालून, टिल नदी ओलांडून उत्तरेकडून आला. जेम्सला घाईनं तोंड फिरवून या टेकडीवर यावं लागलं. दुपारी चारच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. स्कॉटिश तोफा किल्ले फोडायच्या, जड. उंचावरून खाली मारा करताना गोळे डोक्यावरून जाऊ लागले. इंग्रजांच्या हलक्या तोफा मात्र उताराच्या अंगावर उभ्या असलेल्या गर्दीत बरोबर पडत होत्या. तिथं उभं राहून मार खाण्यापेक्षा उतरणं भाग होतं.

आधी डाव्या अंगाची, होम आणि हंटली या स्कॉटिश सरदारांची तुकडी उतरली. आणि ती जिंकली. इंग्रज सरदार एडमंड हॉवर्डची फळी त्यांनी मोडली, डॅकरचे स्वार आले म्हणून तो वाचला. मी पश्चिमेकडे चालत जाऊन ती बाजू पाहिली. तिथं उतार सौम्य आहे आणि तळाची घळ जवळजवळ नाहीशी होते. तेच स्कॉट, तेच भाले, तीच आठवड्यांची शिकवण, आणि चालली! माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोनशे-तीनशे पावलांत आहे.

मग राजाची आणि त्याच्या शेजारची तुकडी निघाली. मी ब्रँक्स्टन हिलच्या माथ्यावर गेले आणि खाली पाहिलं. तळाचा ओहोळ वरून दिसतच नाही. उताराचं पोट पुढे आलेलं आहे, त्याच्या आड तो दडतो. आज तिथं पाणी काढून दिलेला चर आहे. तेव्हा दलदल होती, त्यात पावसाचे दिवस. जेम्सनं होमची तुकडी जिंकताना पाहिली असणार आणि आपल्या पुढेही तशीच जमीन आहे असं त्याला वाटलं असणार.

चर ओलांडून पायपर्स हिलकडे चढताना मी हातातली काठी भाल्यासारखी समोर धरली. दोन मीटरची होती, तीसुद्धा टेकली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डरमच्या बिशपनं तेव्हाच्या पत्रात लिहिलं की स्कॉट इतक्या चांगल्या चिलखतात होते की बाणांचं काही चाललं नाही, आणि एकेक जण चार-पाच कोयत्यांचे घाव बसले तरी कोसळत नव्हता. शूरपणात काही कमी नव्हतं. राजा पहिल्या रांगेत होता आणि सरेपासून भालाभर अंतरावर पडला, अंगात बाण आणि कोयत्याच्या जखमा. स्कॉटलंडचे उमराव, बिशप, राजाचा स्वतःचा मुलगा, सगळे त्याच उतारावर. क्रूसापाशी बराच वेळ बसून राहिले.

१३ जुलै

थोडकी नोंद. २७ एप्रिल १५२२ ला बिकोक्काला स्विसांचंही असंच झालं. समोर खोलगट रस्ता, त्यावर बांध, बांधावर बंदूकवाले आणि त्यांच्या मागे लांत्सक्नेख्त. रस्त्यात उतरल्यावर भाल्यांची टोकं बांधावरच्या माणसांपर्यंत पोचेनात. अर्ध्या तासात सुमारे ३,००० पडले. जगातले सर्वांत कसलेले भालेवाले होते ते. म्हणजे सरावानंही खड्डा बुजत नाही. फ्लॉडनचं सगळं खापर अपुऱ्या शिकवणीवर फोडणार होते, ते आता फोडणार नाही. खाली गेलेली जमीन हे पहिलं कारण. शिकवण दुसरं.

आणि तिसरं राहिलंय: पोटातलं आखूड हत्यार.

२ ऑगस्ट

त्याच कुरणात पुन्हा. यावेळी तिसऱ्या रांगेतल्या दोघांच्या हातात भाल्याऐवजी हॅलबर्डच्या मापाच्या, फोमच्या डोक्याच्या दोन मीटरच्या काठ्या. काल पाऊस नव्हता, पण घळ ओलीच होती.

रांगा पूर्वीसारख्याच फाटल्या. टोकं पूर्वीसारखीच मातीत. कोयतेवाले आत आले, आणि तिथं मागच्या रांगेतून हॅलबर्डवाला दोन भालेवाल्यांच्या मधून पुढे सरकला आणि त्यानं खांद्यावरून घाव घातला. कोयतेवाल्याला थांबावं लागलं. तो थांबला त्या दोन-तीन श्वासांत पुढच्यांनी भाले मातीतून उपसून मागे घेतले. पाच वेळा केलं. तीन वेळा रांग चढापर्यंत पोचली, दोन वेळा मोडली. जूनमध्ये सहापैकी शून्य होतं.

राजाच्या तुकडीतल्या बहुतेकांनी भाले टाकून तलवारी काढल्या. तलवार कोयत्याच्या निम्म्या पोचीची. दर पाच-सहा माणसांमागे एक हॅलबर्ड असती तर लढाई जिंकली असती असं मी म्हणणार नाही, तोफा आणि दलदल तिथंच राहिली असती. पण घळीच्या तळाशी त्यांना भाले उपसायला ते दोन-तीन श्वास मिळाले असते.

सराव संपल्यावर लांबभाल्याला जवसाचं तेल दिलं. सांध्याच्या वर, पुढच्या हाताच्या जागेपाशी, एक बारीक चीर दिसली. टोक मातीत गेलं तेव्हा पडली असणार. फोटो काढून बाबांना पाठवला. दहा मिनिटांत फोन.

“सांधा कुठं घेतलायस?”

“बरोबर मधे.”

“अगं, जोर सगळा तिथंच येतो. पुढचा करशील तेव्हा एक फळी लांब आण आणि सांधा मागच्या टोकाकडं घे. आणि ही चीर आत्ताच सुतानं आवळून बांध, उद्यावर ठेवू नकोस.”

सूत गुंडाळून सरस लावला आहे. दांडा आज पुन्हा स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत आडवा आहे.